कोरफडीचं जेल पातळ का पडलं आणि क्रीमवर काळे ठिपके कुठून आले

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दारातल्या कोरफडीचा गर काढून त्यांनी कार्बोपॉलचं (पाणी घट्ट करणाऱ्या पावडरीचं) जेल केलं, बदाम तेलाचं क्रीम केलं आणि बारा-पंधरा मैत्रिणींना वापरायला दिलं. जेल पहिल्या दिवशीच थोडं सैल वाटलं म्हणून त्यांनी कार्बोपॉल वाढवलं, तरी तीन आठवड्यांत त्याचं पाणी झालं. मग एका मैत्रिणीने क्रीमच्या बरणीचा फोटो पाठवला, त्यात झाकणाच्या आतून काळे ठिपके. क्रीममध्ये 'नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह' म्हणून व्हिटॅमिन ई आणि ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट घातलं होतं. आता दोन दिवसांची, पंधरा हजार रुपयांची कार्यशाळा करावी का, आणि हे काम नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करावी, असं त्या विचारतात.

ताई, कार्यशाळेचं नंतर बघू. आधी जेल.

कार्बोपॉल म्हणजे गुंडाळी झालेले लांबच लांब धागे समजा. ट्रायइथेनॉलअमाइन किंवा कॉस्टिकसारख्या अल्कलीचे थेंब घालून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा लहान तितकं आंबट) ६च्या पुढे नेला की धाग्यांवर ऋणभार येतो. भार एकमेकांना ढकलतात, धागे उलगडतात आणि पाणी त्यांच्यात अडकून घट्ट होतं. कोरफडीच्या गरात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते या भारांवर पांघरूण घालतात आणि धागे परत मिटतात. खरं वाटत नसेल तर साध्या पाण्यातलं कार्बोपॉल जेल बशीत चमचाभर घ्या, वर चिमूटभर मीठ टाका आणि काडीने फिरवा. अर्ध्या मिनिटात बशीत पाणी दिसेल. तेच जेल त्वचेवर लावल्यावर लगेच 'विरघळतं', कारण घामातलं मीठ.

पहिल्या दिवशीचं सैलपण या क्षारांमुळे आलं. तीन आठवड्यांनी पाणी झालं त्याचं कारण बहुधा वेगळं आहे. ताजा गर म्हणजे पाणी, साखरा आणि पानावरून आलेले जंतू. ते साखर खातात, आम्ल सोडतात, पीएच घसरतो आणि धागे मिटतात. पारदर्शक बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवली असेल तर तेही एक निमित्त, प्रकाशाने कार्बोपॉलचे धागे तुटतात. पहिल्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी पीएच मोजून लिहून ठेवला असता तर यातलं नेमकं काय झालं ते सांगता आलं असतं. आता फक्त अंदाज करायचा.

घरचा गर घालायचाच असेल तर तो ज्या दिवशी काढला त्या दिवशी स्वतःच्या चेहऱ्याला लावा आणि उरलेला टाकून द्या. पान कापल्यावर आधी निथळणारा पिवळा कडू चीक मात्र जाऊ द्या, त्याने खाज येते. बाटलीत भरायचं असेल तर कोरफडीची २००:१ पावडर (२०० भाग रसाची १ भाग) मिळते. पाव ते अर्धा टक्का पुरते, कारण अर्ध्या टक्क्यालाच ती ताज्या रसाच्या ताकदीची होते. घट्टपणासाठी झँथन गम किंवा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज घ्या. दोन्हींना क्षार बरेच चालतात.

आता काळे ठिपके. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, एवढंच तिचं काम. ती अँटिऑक्सिडंट आहे. बुरशीला आणि बॅक्टेरियाला तिचं काही वाटत नाही. ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्टची गंमत अशी, की बाजारातले नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावर ज्यांच्यात जंतू मारायची ताकद सापडली, त्यांच्यात बऱ्याचदा बेन्झेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम रसायनं निघाली. म्हणजे ते चाललं तर रसायनामुळे चालतं, नाहीतर चालतच नाही. आणि ताई, ठिपके दिसले हे तुमचं नशीब म्हणायचं. बुरशी दिसते. स्यूडोमोनाससारखे बॅक्टेरिया एका ग्रॅममध्ये लाखांनी असले तरी क्रीम पांढरंशुभ्र आणि सुवासिकच राहतं. डोळ्याजवळ किंवा खरचटलेल्या जागी तेच क्रीम गेलं तर मामला डॉक्टरकडे जातो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी नवीन लागलो होतो, तेव्हा २०० किलो बॉडी लोशनची बॅच आम्ही ड्रेनेजला सोडली. प्रिझर्व्हेटिव्ह बरोबर होतं, मापही बरोबर होतं. जुलै महिना. आठ दिवसांनी ड्रम उघडला तर ओल्या फडक्यासारखा वास. सगळे जण सुगंधाच्या सप्लायरला शिव्या देत होते. शेवटी सापडलं ते पाण्यात. डीएम वॉटरच्या (क्षार काढलेल्या पाण्याच्या) प्लँटमधली, क्षार धरून ठेवणारी रेझिन दोन आठवडे बंद, ओली, उबदार पडून होती. त्या टाकीत जंतूंची जत्रा भरली होती. पाण्यातले क्षार जातात म्हणून आम्ही ते पाणी 'शुद्ध' म्हणत होतो. क्षार जाणं आणि जंतू जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी दोनशे किलोंच्या भावात शिकलो. तेव्हापासून पाणी उकळीपर्यंत तापवून, गार करून, त्याच दिवशी वापरतो.

म्हणून शिकायचा माझा क्रम पाण्यापासून दूर सुरू होतो. पहिले दोन महिने पाणी नसलेल्या वस्तू करा: लिप बाम, मसाज तेल, पायाच्या भेगांचं मलम. पाणी नाही तिथे जंतू वाढत नाहीत, त्यामुळे चूक झाली तरी ती चूक वितळण्याची, दाणे पडण्याची, खवटपणाची असते. कोकम बटर किंवा शिया बटर सावकाश थंड केलं तर रव्यासारखे दाणे येतात, भराभर थंड केलं तर येत नाहीत. एवढं हाताला कळलं तरी पुष्कळ. आपल्या आज्यांचं उटणं कोरडंच का असायचं आणि दूध-पाणी आंघोळीच्या वेळीच का मिसळायचं, याचंही उत्तर यातच आहे.

या दोन महिन्यांत दोन वस्तू घ्या. ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि पीएच मीटर. चमचे, कप, थेंब हे शब्द वहीतून हद्दपार करा. एका ड्रॉपरचा थेंब दुसऱ्याच्या दीडपट असू शकतो. सगळं टक्क्यांत आणि वजनात लिहायचं, द्रव पदार्थसुद्धा ग्रॅममध्ये. पीएच मीटर आठवड्यातून एकदा ४ आणि ७च्या बफरमध्ये बुडवून जुळवून घ्या. न जुळवलेला मीटर आत्मविश्वासाने खोटं बोलतो.

पीएच म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हळद लागलेल्या साडीला साबण लावला की डाग लाल होतो आणि भरपूर पाण्यात खळबळल्यावर पुन्हा पिवळा होतो, तोच पीएच. त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. साबणाचा ९-१०. लिंबाच्या रसाचा २च्या आसपास. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना मी हात जोडतो, कारण आम्लापेक्षा वाईट भाग पुढे आहे: लिंबाच्या सालीतल्या तेलात असे पदार्थ असतात की ऊन लागल्यावर कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

पीएच तुमच्या प्रिझर्व्हेटिव्हचा मालक आहे. सोडियम बेन्झोएट स्वस्त, लोणच्याच्या बाटलीवरही लिहिलेलं असतं, म्हणून नवशिक्यांचं लाडकं. पण त्याचं जंतू मारणारं रूप म्हणजे बेन्झोइक आम्ल. पीएच ४.२ला निम्मं बेन्झोएट त्या रूपात असतं, ५.२ला जेमतेम ९ टक्के, ६.२ला १ टक्का. कार्बोपॉलच्या ६.५ पीएचच्या जेलमध्ये ते घालणं म्हणजे देवाला नारळ दाखवून परत घरी आणणं. फिनॉक्सीइथेनॉल पीएचच्या बाबतीत सोशिक आहे. युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे, मीही त्यापुढे जात नाही. एकट्याने ते बुरशीवर थोडं कमी पडतं, म्हणून इथाइलहेक्सिलग्लिसरिनची जोडी देतात. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हला लोक घाबरतात. मला त्याच्यापेक्षा 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' लिहिलेल्या पाणीदार क्रीमची भीती जास्त वाटते. पण गिऱ्हाईक ऐकत नाही, तेव्हा तो वाद इथे नको.

तिसऱ्या महिन्यात शाम्पू किंवा बॉडी वॉश. इथे मीठ उलटं वागतं. सोडियम लॉरेथ सल्फेट आणि कोकामिडोप्रोपाइल बीटेन या फेस करणाऱ्या पदार्थांच्या पाण्यात मीठ घालत गेलं की ते दाट होतं. एका बिंदूपर्यंत. त्या बिंदूच्या पुढे आणखी मीठ पडलं की पाण्यासारखं पातळ, आणि मागे यायला मार्ग नाही, फक्त बॅच वाढवत बसायचं. आमचे मिक्सिंगचे काका अर्धा-अर्धा टक्का मीठ पाण्यात विरघळवून घालायचे, दर वेळी थांबायचे आणि काठीवरून धार पडताना बघायचे. नव्या मुलाला त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "घाई आहे का? मग घरी जा." तुम्ही १०० ग्रॅमच्या सात-आठ वाट्यांत मीठ वाढवत जा आणि कोणत्या टक्क्याला सगळ्यात दाट झालं त्याचा आलेख काढा. सुगंध घातल्यावर तो बिंदू सरकतो, तेव्हा पुन्हा काढा. आणखी एक: ७० टक्क्यांची लॉरेथ सल्फेटची पेस्ट आणली असेल तर पेस्टवर पाणी ओतू नका, गोंदासारखा न विरघळणारा गोळा होतो. पाण्यात पेस्ट थोडी थोडी सोडायची.

मग क्रीम. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचं जबरदस्तीचं लग्न, इमल्सिफायर हा मध्यस्थ. १९४९मध्ये अमेरिकेत विल्यम ग्रिफिनने इमल्सिफायरला आकडे द्यायची पद्धत काढली, तिला एचएलबी म्हणतात. कमी आकडा तेलाकडे झुकलेला, मोठा आकडा पाण्याकडे. ती शिका, पण पहिल्या दिवशी नको. पहिल्या दिवशी एकच कृती घ्या आणि तीच दहा वेळा करा. ही माझी शिकाऊ मुलांना द्यायची कृती: सेटोमॅक्रोगॉल इमल्सिफायिंग वॅक्स ६ टक्के, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड (हलकं तेल) १२, ग्लिसरिन ४, झँथन गम ०.२, डायसोडियम ईडीटीए ०.१, फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरिनचं तयार मिश्रण १, उरलेलं ७६.७ टक्के डीएम वॉटर. बदाम तेल नाही, कोरफड नाही, केशर नाही. कंटाळवाणं आहे ते मुद्दामच.

झँथन आधी ग्लिसरिनमध्ये कालवा, मग पाणी. थेट पाण्यात टाकलं तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात. पाण्याचं भांडं आणि तेल-मेणाचं भांडं, दोन्ही ७० ते ७५ अंशांवर आणा. एक गरम आणि एक कोमट असेल तर मेण पाण्याला लागताच गोठतं आणि क्रीममध्ये रवा येतो. तेल पाण्यात ओता आणि हँड ब्लेंडरचं डोकं पूर्ण बुडवून दोन-तीन मिनिटं थांबत थांबत फिरवा. डोकं वर आलं की हवा शिरते आणि क्रीम फेसासारखं दिसतं. मग ब्लेंडर बाजूला ठेवून उलथन्याने हळू ढवळत थंड होऊ द्या. ५० अंशांच्या आसपास एक क्षण असा येतो की दुधासारखं पातळ दिसणारं मिश्रण उलथन्याला चिकटायला लागतं. ते बघण्यासारखं असतं. ४० अंशांच्या खाली प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध. त्यानंतर जे जवळजवळ कुणी करत नाही ते करा. भांडं पुन्हा काट्यावर ठेवा. ५०० ग्रॅमची बॅच असेल तर १५-२० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. तेवढं उकळून गार केलेलं पाणी परत घाला. नाहीतर प्रत्येक बॅच वेगळी घट्ट होते आणि दोष तुम्ही मेणाला देता. शेवटी लॅक्टिक आम्लाच्या पातळ द्रावणाने पीएच ५.५ करा.

दहा वेळा तेच झाल्यावर अकराव्या वेळी एकच गोष्ट बदला. ट्रायग्लिसराइड काढून बदाम तेल घाला, बाकी तेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय शिकलात ते तुम्हालाच कळणार नाही.

झालेल्या प्रत्येक बॅचच्या तीन बरण्या ठेवा. एक फ्रिजमध्ये, एक कपाटात, एक ४५ अंशांवर. शिकताना छोटं इन्क्युबेटर (एकच तापमान राखणारी पेटी) पुरतं. पहिल्या दिवशी, मग १, २, ४, ८ आणि १२ आठवड्यांनी उघडून पीएच, रंग, वास, दाटपणा आणि बरणीचं वजन लिहा. वजन घटलं तर क्रीम चांगलं आहे, झाकण वाईट आहे. वेगळी एक बरणी २४ तास फ्रीझरमध्ये, २४ तास बाहेर अशी पाच वेळा फिरवा. सांगलीत तुमचं क्रीम छान राहील हो, पण मे महिन्यात कुरिअरच्या बंद गाडीतून ते चंद्रपूरला गेलं तर? आमचं एक क्रीम तिकडून परत आलं होतं, वर बोटभर तेल आणि खाली दही. कपाटातल्या बरणीला त्यातलं काहीच झालं नव्हतं.

जंतूंची परीक्षा घरी होत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. चॅलेंज टेस्ट मागा. त्यात पाच जातींचे जंतू मुद्दाम उत्पादनात सोडतात आणि २८ दिवस ते किती मरतात ते मोजतात. आयएसओ ११९३० पद्धतीच्या कडक निकषात बॅक्टेरिया सात दिवसांत हजारपट कमी व्हावे लागतात. एका नमुन्याला काही हजार खर्च येतो. दर बॅचला नको, पण कृती पक्की झाली की एकदा कराच. आणि कृतीत काहीही बदललं, अगदी 'थोडासा गुलाबाचा अर्क'सुद्धा, की पुन्हा.

सुरक्षिततेचा दुसरा भाग कच्च्या मालात आहे. मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजारात सगळं मिळतं, स्वस्त मिळतं, पण मोठ्या ड्रममधून काढून बिनलेबलच्या पिशवीत भरून दिलेला माल घेऊ नका. बॅच नंबर आणि त्याच बॅचचं तपासणीपत्र नसेल तर परत फिरा. सुगंधी तेलं नैसर्गिक म्हणून हात सैल सोडू नका. दालचिनी आणि लवंगेच्या तेलाने ॲलर्जी झालेली मी पाहिली आहे. चेहऱ्याच्या क्रीममध्ये मी सगळी मिळून अर्ध्या टक्क्याच्या वर जात नाही. नवं काहीही आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, सात दिवस. मुलीच्या चेहऱ्यावर प्रयोग नाही. सनस्क्रीन तर घरी करूच नका. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो तो आकडा, मशीनवर आणि माणसांवर मोजतात, झिंक ऑक्साइडच्या चमच्यांवरून सांगता येत नाही. आणि 'आठ दिवसांत गोरेपणा' देणारी पुडी कुणी क्रीममध्ये मिसळायला दिली तर घेऊ नका. पाऱ्याचे क्षार अजून बाजारात फिरतात आणि ते मूत्रपिंडं बिघडवतात. आपल्या नियमात नकळत आलेल्या पाऱ्यालाही, डोळ्याजवळची उत्पादनं सोडता, दहा लाखात एक भाग एवढीच सूट आहे.

विकण्याचं थोडक्यात. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. उद्यम नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. घरच्या ओट्यावर तो मिळत नाही, जागा आणि तांत्रिक माणूस दाखवावा लागतो. तुम्ही रसायनशास्त्र घेऊन बारावी केली असेल तर ते तिथे उपयोगी पडतं. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपली कृती करून घ्यायची असेल तर लोन लायसन्स असतं. सुरुवातीला मला तोच मार्ग बरा वाटतो. लेबलवर 'आयुर्वेदिक' लिहायचं असेल तर परवानाही वेगळा. कोणते घटक वापरू नयेत त्याची यादी भारतीय मानक आयएस ४७०७च्या दुसऱ्या भागात आहे, ती छापून भिंतीवर लावा.

कार्यशाळेबद्दल. पंधरा हजार भरण्याआधी शिकवणाऱ्यांना दोन गोष्टी विचारा. कृती टक्क्यांत देता की चमच्यांत? आणि तीन महिन्यांपूर्वीच्या वर्गात केलेलं क्रीम दाखवाल का? दुसऱ्या प्रश्नावर बोलणं सुगंधाकडे वळलं तर पैसे वाचवा. त्या पैशांत काटा, मीटर, इन्क्युबेटर आणि कच्चा माल येतो. पुढे खरंच यात पडायचं असेल तर नागपूर विद्यापीठात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीची पदवी आहे, माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) तेलं आणि सर्फॅक्टंट्स, म्हणजे फेस करणारे पदार्थ, शिकवणारा विभाग आहे. घर सांभाळून ते जमेलच असं नाही, मलाही जमलं नव्हतं. मी बी.एस्सी.वर आणि मिक्सिंगच्या काकांवर निभावलं.

हे सगळं उद्यापासून. आज संध्याकाळी त्या सगळ्या मैत्रिणींना फोन करा. जिच्या बरणीत ठिपके नाहीत तिलाही. "छान चाललंय गं, राहू दे" असं त्या म्हणतील. स्वतः जाऊन बरण्या घेऊन या.